पोरं नेटवरच्या कोर्समध्ये बोलतात, वर्गात का नाही बोलत?

तासिकाबाई | १४ ऑक्टोबर, रात्री ९.४०

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या कॉलेजात मी अर्थशास्त्र शिकवते. तासिका तत्त्वावर, म्हणजे सीएचबी, जेवढे तास तेवढे पैसे. आयडीवरून कळलंच असेल. कॉलेजचं नाव विचारू नका, पुढच्या वर्षीची ऑर्डर अजून यायची आहे.

जुलैत प्राचार्यांनी बोलावून 'स्वयम'चं काम माझ्या गळ्यात घातलं. कारण एवढंच, की स्टाफरूममध्ये स्वतःचा लॅपटॉप माझ्याकडेच आहे. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: स्वयम हे केंद्र सरकारचं २०१७ साली सुरू झालेलं पोर्टल. कोर्स फुकट शिकायचा, परीक्षा द्यायची असेल तर फी भरायची. विद्यापीठ हो म्हणालं तर एका सत्राचे ४० टक्क्यांपर्यंत क्रेडिट तिथून आणता येतात. आणि हे नुसते व्हिडिओ नसतात. व्हिडिओ, वाचायचं साहित्य, स्वतःला तपासून बघायचे प्रश्न आणि चर्चेचं पान, असे चार भाग प्रत्येक कोर्सला असावेच लागतात.

आमची तेवीस पोरं बसवली. अर्थशास्त्राची तोंडओळख, इंग्रजीतून, शिकवणारे सर कुठल्याशा दूरच्या विद्यापीठातले. मला वाटलं दिवाळीपर्यंत सगळी गळतील.

त्यात एक मुलगी आहे. अठरा किलोमीटरवरून एसटीनं येते, तिसऱ्या बाकावर भिंतीकडेला बसते. दोन वर्षांत हजेरीच्या 'येस मॅडम'पलीकडे तिचा आवाज मी ऐकलेला नाही. तिनं त्या चर्चेच्या पानावर एक प्रश्न टाकला, मराठीत, पण इंग्रजी अक्षरांत. सरांनी व्हिडिओत मागणी-पुरवठ्याच्या आलेखावर आडवी रेघ मारून सांगितलं होतं, की सरकारनं किमान किंमत ठरवली की भाव त्या रेघेखाली उतरत नाही, उलट माल शिल्लक पडतो. हिनं विचारलं, "२०२४ साली सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ४,८९२ होता. माझ्या बाबांनी दिवाळीच्या आधी ४,०५० नं विकलं. मग ती रेघ आमच्या गावात कुठे गेली?"

रात्री अकराला मी ते वाचलं आणि माझी झोप उडाली. हाच आलेख मी पाच वर्षं फळ्यावर काढतेय. मला कधी कुणी हे विचारलं नाही. मीही स्वतःला विचारलं नाही, आणि माझ्या बापाच्या वावरातही सोयाबीनच आहे.

दुसऱ्या दिवशी व्हरांड्यात तिला म्हटलं, प्रश्न फार चांगला विचारलास गं. ती ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत राहिली आणि म्हणाली, "सॉरी मॅडम."

सॉरी!

आता आमच्या वर्गाचं चित्र सांगते. पटावर १२०, समोर पंधरा ते वीस, कापूस वेचणी लागली की सात. मी नोट्स सांगते, ती उतरवून घेतात, कारण पेपरात तेच येतं. मग 'वर्गातलं जिवंत शिक्षण' म्हणून आपण ज्याचे गोडवे गातो ते नक्की कोणत्या खोलीत चालू आहे? आणि दुसऱ्या बाजूनं, ज्याला इंटरॲक्टिव्ह म्हणतात त्या कोर्समध्येही तेवीसपैकी बोलली ती एकटीच.

तुमचे अनुभव सांगा. शहरातल्यांनीही सांगा, फक्त मोठमोठे फोटो टाकू नका, इथे रेंजची एकच कांडी आहे.


पुण्यातला_वऱ्हाडी | १४ ऑक्टोबर, रात्री १०.१५

ताई, उत्तर तुमच्याच लेखात आहे. वर्गात चाळीस डोळे आपल्याकडे वळतात, तिथे वळत नाहीत. मी मूळचा मूर्तिजापूरकडचा, कॉलेजात पहिल्यांदा तोंड उघडलं तेव्हा 'रायलो' म्हणालो म्हणून अख्खा वर्ग हसला होता. त्यानंतर तीन वर्षं मी गप्प होतो. इंजिनिअरिंगचं जे काही येतं ते नेटवर शिकलो.

२०११ च्या शेवटी शेवटी स्टॅनफर्डमध्ये शिकवणाऱ्या दोघांनी कृत्रिम बुद्धिमत्तेचा कोर्स सगळ्यांना खुला केला, १,६०,००० जणांनी नाव घातलं. पुढच्याच वर्षी कोर्सेरा आणि एडएक्स ही अशाच कोर्सची संकेतस्थळं आली. व्हिडिओ मध्येच थांबतो, प्रश्न विचारतो, चुकलं तर मागे नेतो. मास्तरला मागे नेता येतं का? माझ्या मते दहा वर्षांत तालुक्याचं कॉलेज म्हणजे फक्त परीक्षा केंद्र उरेल.


कोरडवाहू | १४ ऑक्टोबर, रात्री १०.३२

पुण्याचे भाऊ, तालुक्याचं कालेज आजबी परीक्षा केंद्रच हाये. पोट्टे जूनमंदी ॲडमिशनले येतात अन् मार्चमंदी पेपरले. मधात कोणी दिसलं तं झेंडावंदनाले.

बाकी प्रमाण भाषेत लिहितो, नाहीतर ताई लाल पेनानं मार्क कापतील.

मी बीए केलं ते नाशिकच्या मुक्त विद्यापीठातून. तेव्हा आमच्या गावात नेट म्हणजे व्हॉलीबॉलचं. पण त्यांची पुस्तकं वेगळी असायची. तीन-चार पानं झाली की एक चौकट: आता पुस्तक मिटा आणि या प्रश्नाचं उत्तर द्या. मी रात्री जागलीला मचाणावर ते वाचायचो, एका हातात बॅटरी, खाली डुकरं. पुस्तकानं विचारलं की मी मोठ्यानं उत्तर द्यायचो. शेजारच्या वावरातल्या म्हाताऱ्यानं सकाळी माझ्या बापाला सांगितलं, पोराले बाहेरचं काही झालं, रात्री एकटाच बोलते.

तर इंटरॲक्टिव्ह हे काही कालचं नाही. पण खरं सांगतो, त्या चौकटीला मी चुकीचं उत्तर दिलं तरी पुस्तक नाराज होत नव्हतं. रविवारी अभ्यासकेंद्रावर संमंत्रक, म्हणजे शंका सोडवणारे सर असायचे. आम्ही चौघं-पाचजण. त्यांना माहीत होतं की मी राज्यशास्त्रात कुठे कच्चा आहे. एका रविवारी गेलो नाही तर त्यांनी कुणाच्या तरी हाती निरोप धाडला, फवारणी झाली असेल तर ये. हा निरोप कोण्या ॲपात येते?


लालडबा | १४ ऑक्टोबर, रात्री १०.३५

पहिल्या परिच्छेदाला +१. बाकी निवांत वाचतो, गाडी बडनेऱ्याला आली.


निवृत्त_मास्तर | १५ ऑक्टोबर, सकाळी ६.२०

अमरावती जिल्ह्यात चौतीस वर्षं रसायनशास्त्र शिकवलं, म्हणून चार शब्द लिहितो. लांबतील.

ब्युरेटची, म्हणजे मापाच्या काचनळीची, तोटी डाव्या हातानं धरायची, उजव्या हातानं खालचं आम्लाचं शंकुपात्र गोल फिरवायचं. त्यात फिनॉल्फ्थॅलीन या रंग बदलणाऱ्या दर्शकाचे दोन थेंब टाकलेले असतात. अल्कली थेंब थेंब पडतं, गुलाबी झाक येते आणि विरते, येते आणि विरते. मग एका थेंबाला ती विरत नाही. तो थेंब ओळखायला पोरांना तीन-चार आठवडे लागतात, आणि त्या काळात दर मुलगा एकदा तरी घाईनं तोटी जास्त उघडून सगळं पात्र गर्द गुलाबी करून ठेवतो. मी मागे उभा असायचो. त्याच्या खांद्यावरून कळायचं की हा आता चुकणार. केंद्र सरकारच्या 'व्हर्च्युअल लॅब्स'वर हाच प्रयोग माउसनं करता येतो, मी करून पाहिला. छान आहे, पूर्वतयारीला उत्तम. पण खांदा कुठे आहे? अभियांत्रिकी, वैद्यकीय, नर्सिंग, फार्मसी, शेती यांची अख्खी पदवी ऑनलाइन द्यायला विद्यापीठ अनुदान आयोग (यूजीसी) परवानगी देत नाही, ते उगाच नव्हे. बाकीच्या विषयांत मान्यताप्राप्त संस्थेची ऑनलाइन पदवी आता नेहमीच्या पदवीच्या बरोबरीची धरतात, तेही लक्षात असू द्या. 'ऑनलाइनवाला' म्हणून कुणाला हिणवायचे दिवस गेले.

पण ताई, तुमचा मूळ प्रश्न प्रयोगशाळेचा नाही. थिअरीच्या तासाला मी काय केलं? नोट्स सांगितल्या. शेवटी शेवटी त्या नोट्सची पानं इतकी पिवळी झाली होती की पोरं त्यांना हळद म्हणायची. मला ठाऊक होतं, मी दाखवत नव्हतो.

माझ्या वडिलांनी गाडगेबाबांचं कीर्तन ऐकलं होतं. ते सांगायचे, बाबा प्रवचन झोडत नसत, लोकांना प्रश्न विचारत, साध्या वऱ्हाडीत, आणि त्यांच्याच तोंडून उत्तर काढत. हजारोंच्या गर्दीत मागे घोंगडी पांघरून बसलेल्यालाही वाटायचं, हे मलाच विचारतायत. वर्गही नव्हता, स्क्रीनही नव्हता. ते आम्हाला एमएस्सी होऊन जमलं नाही.

एक सुचवतो. हार्वर्डचे भौतिकशास्त्राचे प्राध्यापक एरिक माझूर यांची एक पद्धत आहे, मी निवृत्तीच्या तीन वर्षं आधी वाचली, म्हणजे उशिराच. प्रश्न फळ्यावर टाकायचा, पर्याय द्यायचे. आधी प्रत्येकानं एकट्यानं ठरवायचं, मग हात वर. मग शेजाऱ्याशी भांडायचं. मग पुन्हा हात वर. नेट लागत नाही, वीजही लागत नाही. त्या मुलीचा प्रश्न तिचं नाव न सांगता वर्गात टाकून बघा.


बीकॉम_दुसरं_वर्ष | १५ ऑक्टोबर, दुपारी १.०५

मॅडम मी तुमच्या कॉलेजचा नाही, अकोला जिल्ह्यातला आहे. म्हणून खरं सांगतो.

व्हिडिओ आम्ही दुप्पट वेगानं पळवतो. मध्ये जो प्रश्न येतो त्याला चार पर्याय असतात, चुकलं की तोच पुन्हा येतो, मग उरलेले दाबत बसायचं. त्याला इंटरॲक्टिव्ह म्हणत असाल तर आमच्या गावची लिफ्ट पण इंटरॲक्टिव्ह आहे (गावात लिफ्ट नाही, बँकेत आहे, बंद आहे). आठवड्याच्या असाइनमेंटची उत्तरं ग्रुपवर येतात. चर्चेच्या पानावर ९० टक्के पोस्ट 'सर लास्ट डेट वाढवा'.

आता फजिती. मी गेल्या वर्षी एनपीटीईएलचा, म्हणजे आयआयटीवाल्यांचा, एक ऑनलाइन कोर्स केला. त्यात असाइनमेंटला २५ मार्क आणि परीक्षेला ७५. पास व्हायला असाइनमेंटमध्ये १० आणि परीक्षेत ३०, दोन्ही वेगवेगळे पाहिजेत. ग्रुपच्या कृपेनं मला २५ पैकी २४ होते. परीक्षा केंद्रावर जाऊन द्यावी लागते, समोर कॅमेरा, माणूस फिरतो. मिळाले २२. एक हजार फी गेली, गाडीभाडं गेलं, आणि घरी सांगितलं सर्व्हर डाऊन होता.

पण एक गोष्ट वर्गापेक्षा भारी आहे. 'डेप्रिसिएशन' हा शब्द मी सतरा वेळा मागे नेऊन ऐकला. वर्गात सरांना सतरा वेळा कोण विचारेल.


कोरडवाहू | १५ ऑक्टोबर, दुपारी १.२०

सर्व्हर डाऊन! लेका, माह्या पोरानं बी हेच सांगतलं होतं. आता समजलं.


पळसफूल | १५ ऑक्टोबर, रात्री ८.५०

वाचत होते, राहवलं नाही म्हणून लिहितेय. वाशिम जिल्हा, खेडं.

बारावीनंतर लग्न झालं. दोन्ही पदव्या मी लग्नानंतर घेतल्या, दूरशिक्षणातून. इग्नूची पुस्तकं पोस्टानं यायची, सासूबाईंना वाटायचं माहेराहून पार्सल आलं. पुढे एमएच्या वेळी व्हिडिओ आले. भाकरी थापताना मोबाइल पिठाच्या डब्याला टेकवून ऐकायचे. स्क्रीनवर पिठाची बोटं. परीक्षेला जून आणि डिसेंबरात तीन-चार दिवस बाहेर पडायला मिळायचं तेवढंच. घरात बसून शिकता आलं नसतं तर मी आज अंगणवाडी पर्यवेक्षिका नसते. त्यामुळे ऑनलाइनला नावं ठेवणाऱ्यांचा मला राग येतो.

आता माझी मुलगी बारावीत आहे. परवा तिचे बाबा म्हणाले, आता सगळं मोबाइलवर होते तं तालुक्याले कायले पाठवायचं, घरीच शिकन, सोंगणीले हातभार लागन. मी जेवताना हातातला घास ताटात ठेवला. म्हटलं, नाही. ती एसटीनंच जाईल.

मला माहीत आहे तिथे वर्गात फार काही शिकवत नाहीत. धाग्याची मालकीणच सांगतेय. पण सकाळी सातच्या गाडीत दहा मुली असतात. त्यांच्यात बसून ती जे बोलते ते माझ्याशी बोलत नाही. बसस्टँडवर पोलिस भरतीची जाहिरात ती वाचेल, झेरॉक्सच्या दुकानात फॉर्म भरताना कुणाला विचारेल, भांडेल, एकटी रस्ता ओलांडेल. माझ्या एमएत हे काही नव्हतं. पेपरात मला ६४ टक्के आहेत, आणि आजही बँकेत मॅनेजरसमोर बसले की माझा आवाज बसतो.

ताई, तुमची ती मुलगी 'सॉरी' का म्हणाली ते मला कळलं. आपण बोललो म्हणजे काहीतरी चुकलंच, असं अंगात मुरलेलं असतं. तिथे लिहिताना कुणी बघत नव्हतं म्हणून लिहिलं. तुम्ही बघितलंत.


लालडबा | १५ ऑक्टोबर, रात्री ९.१०

पळसफूल ताई, दंडवत.

अवांतर, पण अगदीच नाही: कॉलेजच्या पोरांना एसटीच्या मासिक पासात ६६.६७ टक्के सूट आहे. मोबाइलचा महिन्याचा रिचार्ज आणि पास यांचा हिशेब घालून बघितला तर जवळच्या गावांना फार फरक पडत नाही. आणि रिचार्जमध्ये दिवसाचा दीड जीबी, त्यातला एक जीबी घरातला धाकटा रात्री क्रिकेटला उडवतो. पासवर धाकटा जाऊ शकत नाही.


पुण्यातला_वऱ्हाडी | १५ ऑक्टोबर, रात्री १०.००

थोडा मागे येतो. पळसफूल ताईंचा मुद्दा माझ्या डोक्यातच नव्हता.

आकड्यांचं बोलायचं तर अशा खुल्या कोर्समध्ये नाव घालणाऱ्यांपैकी शेवटपर्यंत पोचणारे बहुतेक वेळा दहा टक्क्यांच्याही आत असतात. हे मी कालच लिहायला हवं होतं, स्टॅनफर्डच्या आकड्यानं छाती फुगली होती. अमेरिकेच्या शिक्षण खात्यानं २०१० मध्ये तोवरचे अभ्यास एकत्र करून पाहिले, तेव्हा नुसत्या वर्गापेक्षा वर्ग अधिक ऑनलाइन हे मिश्रण सरस निघालं. पण त्यांनीच बजावलं होतं की मिश्रणवाल्या पोरांना बहुधा वेळ आणि साहित्यही जास्त मिळालं होतं, तेव्हा श्रेय माध्यमाला देऊ नका.

परीक्षा केंद्राचं वाक्य मात्र मागे घेत नाही. कोरडवाहू भाऊंनीच त्यावर शिक्का मारलाय.


गोंडवनातून | १६ ऑक्टोबर, रात्री ११.३०

उशिरा लिहितोय, कारण टॉवर आत्ता आला.

गडचिरोली जिल्हा, भामरागडकडे. पावसाळ्यात पर्लकोटेला पूर आला की आमचा बाहेरचा रस्ता तुटतो. मग वर्गही बंद आणि नेटही बंद, दोघांत भेदभाव नाही.

इथे दोन गोष्टी अडतात. पहिली मुदत. असाइनमेंट रविवारी रात्री ११.५९ ला बंद होते. पूर आलाय हे त्या घड्याळाला कोण सांगणार? आमच्या कॉलेजातले सर निदान खिडकीतून बाहेर बघतात आणि म्हणतात, बरं, पुढच्या आठवड्यात द्या. मी आता व्हिडिओ तालुक्याला जाऊन मेमरी कार्डात उतरवून आणतो आणि पाच-सहा पोरांना वाटतो. बघणं होतं, पण कार्डातल्या व्हिडिओला प्रश्न विचारता येत नाही. सरकारच्या स्वयंप्रभाचे टीव्हीवरचे शिकवणीचे चॅनेलही तसेच, डिशवर दिसतात, पण ते बोलतात आणि आपण ऐकतो.

दुसरी भाषा. आमची घरची बोली माडिया. मराठी शाळेत शिकलो, इंग्रजी अजून शिकतोय. मॅडमच्या विद्यार्थिनीनं मराठी इंग्रजी अक्षरांत लिहिलं, तेवढ्यानंच मला बरं वाटलं. माझ्या गटातली पोरं चर्चेच्या पानावर काहीच लिहीत नाहीत. पण संध्याकाळी कार्ड लावून एकत्र बघतो तेव्हा व्हिडिओ दर दोन मिनिटांना थांबवावा लागतो इतकं बोलतात, माडियात. वीस मिनिटांचा व्हिडिओ दीड तास चालतो. त्यातलं एक अक्षर त्या कोर्सच्या खात्यावर दिसत नाही. तिथे आमची उपस्थिती शून्य.


निवृत्त_मास्तर | १७ ऑक्टोबर, सकाळी ६.०५

गोंडवनातून, तुमचा तो दीड तास मला बघायला आवडेल. गुडघे साथ देत नाहीत, नाहीतर आलो असतो.


तासिकाबाई | १८ ऑक्टोबर, रात्री ९.१५

मास्तर सर, केलं. सांगते.

काल सतरा जण होते. फळ्यावर आलेख काढला, ४,८९२ वर आडवी रेघ, खाली ४,०५० ला ठिपका. नाव नाही, गाव नाही. विचारलं, रेघ असताना भाव खाली कसा आला? तीन पर्याय: एक, व्यापाऱ्यानं लुटलं. दोन, हमीभावानं घ्यायचं कायद्याचं बंधन व्यापाऱ्यावर नाहीच. तीन, माल सरकारी खरेदी केंद्रापर्यंत पोचला नाही.

वहीत लिहा म्हटलं तर आधी सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते, की मॅडम उत्तर कधी सांगतात. मग हात वर. बारा हात पहिल्या पर्यायाला.

आणि म्हटलं, आता शेजाऱ्याशी भांडा.

एक मिनिट कुणी हललं नाही. मग मागून एक जण उठला, त्याच्या वडिलांची मार्केट यार्डात अडत आहे. "सगळा दोष आमच्यावरच का?" झालं. पुढची वीस मिनिटं मला खडू धरायची गरज पडली नाही. कुणी म्हणालं केंद्रावर ओलावा १२ टक्क्यांच्या वर चालत नव्हता. दुसरा म्हणाला नंतर १५ केला की. तिसरा म्हणाला हो, पण नोव्हेंबरात केला, तोवर हरभऱ्याच्या पेरणीला पैसे लागले होते, दिवाळी होती, कोण थांबणार? कुणाच्या केंद्रावर बारदानाच नव्हता. नोंदणीचा मेसेज कुणाला आला तेव्हा घरात दाणा नव्हता. जो मुलगा परीक्षेत मागणीचा नियम उलटा लिहून आला होता, तो फळ्याजवळ येऊन म्हणाला, "मॅडम, रेघ पूर्ण काढू नका. तुटक काढा. केंद्र चालू असन तेवढीच काढा."

ती भिंतीकडेला बसली होती. दुसऱ्यांदा हात मोजायला लागले, नऊ हात तिसऱ्या पर्यायाला, तेव्हा ती उठली. आवाज इतका बारीक की पुढच्या बाकावरचे मागे वळले.

"बाबा केंद्रावर गेले होते मॅडम. ओलावा चौदा निघाला. परत आणायचं भाडं परवडत नव्हतं, म्हणून तिथूनच बाजारात नेऊन विकलं."

मग खाली बसली. कुणी हसलं नाही. अडतवाल्याचा मुलगा म्हणाला, "चौदा म्हणजे दोन दिवसांचं ऊन." एवढंच.

कोर्सच्या चर्चेच्या पानावर तिला उत्तरही आलंय. शिकवणाऱ्या सरांच्या मदतनिसानं तिसऱ्या दिवशी इंग्रजीत तीन ओळी लिहिल्यात: त्या भावानं येईल तेवढा माल घ्यायला कुणीतरी उभं असेल तरच रेघ खरी, नाहीतर ती नुसती घोषणा. अगदी नेमकं आहे. मला पाच वर्षांत असं तीन ओळींत मांडता आलं नव्हतं. मी ते फळ्यावर मराठीत लिहिलं, आणि या वेळी पोरांनी न सांगता उतरवून घेतलं.

नोट्सचं एक प्रकरण मागे पडलं. विभागप्रमुखांनी विचारलं, तुमच्या तासाला आरडाओरडा कसला होता. मी म्हटलं, हमीभाव.


पळसफूल | १८ ऑक्टोबर, रात्री ९.४०

उभी राहिली! तिला माझ्याकडून एक पेढा द्या.


पुण्यातला_वऱ्हाडी | १८ ऑक्टोबर, रात्री ९.५५

'तुटक काढा' वाचून खुर्चीतून उठलो. तो मुलगा नापास होऊ देऊ नका.


बीकॉम_दुसरं_वर्ष | १८ ऑक्टोबर, रात्री ११.१०

मॅडम तुमच्या कॉलेजात बदली घेता येते का? सिरियसली विचारतोय.


तासिकाबाई | ८ डिसेंबर, रात्री ८.३०

धागा वर काढतेय, काम आहे.

तेविसातल्या अकरांनी परीक्षेचा फॉर्म भरला. फी दोघांची आम्ही स्टाफरूममध्ये गोळा केली. हॉल तिकीट आलं, केंद्र अमरावती, येत्या शनिवारी, सकाळी आठला दारात हजर पाहिजे. आमच्याकडून पहिली एसटी निघते ती साडेआठ-पावणेनऊला अमरावतीला पोचते. आदल्या दिवशी जायचं तर सात मुलींच्या मुक्कामाचा प्रश्न, घरचे सोडायला तयार नाहीत. पहाटेच्या गाडीचा कुणाला काही पर्याय माहीत आहे का?


लालडबा | ८ डिसेंबर, रात्री ८.५०

डेपोत विचारतो, पण मधल्या गावाहून जादा गाडी अकरा जणांसाठी सोडणार नाहीत. खासगीच बघा.


कोरडवाहू | ८ डिसेंबर, रात्री ९.०५

ताई, मी तुमच्या बाजूच्याच तालुक्यातला हाये, सांगतलं नव्हतं. माह्या साळ्याची काळीपिवळी हाये. बाजाराच्या दिवशी तिच्यात सोळा बसतात, तुमचे अकरा म्हणजे आरामात. डिझेलचं पाहून घेऊ. पहाटे पाचले नाक्यावर उभे ऱ्हा. थंडी हाये, पोरायले कानटोप्या आणा म्हणा.


तासिकाबाई | ८ डिसेंबर, रात्री ९.१२

भाऊ, काय बोलू. अकरा पोरं, मी बारावी. आणि एकीचे वडील सोबत येतो म्हणतायत, तिला एकटीला कधी पाठवलं नाही म्हणून. तेरा होतील.


कोरडवाहू | ८ डिसेंबर, रात्री ९.१४

थेच का, चौदा ओलाव्यावाले?


तासिकाबाई | ८ डिसेंबर, रात्री ९.१५

तेच.


कोरडवाहू | ८ डिसेंबर, रात्री ९.१७

मंग त्यायले समोर बसवू, माह्या बाजूले. औंदा काय भावानं गेलं थे इचारतो.